शिवणीबाहेरची ओळ

पट्टी सरकते ती कापायला सुरुवात करताना नाही, कापून संपत आल्यावर. सुरुवातीला सगळ्यांचंच लक्ष असतं, हात घट्ट असतो, श्वास रोखलेला असतो. पातं निम्म्याच्या पुढे गेलं की माणसाला वाटतं, झालं आता. तोवर ते दाबून ठेवलेल्या हातापासून लांब गेलेलं असतं, पट्टीचं वरचं टोक मोकळं राहिलेलं असतं आणि ते कापडावरून केसभर घसरतं. चौकोन कापून होतो. दिसायला तो चौकोनच असतो. चूक कळते ती फार उशिरा, शेजारच्या चौकोनाला जोडायला घेतल्यावर. हे मला सोळाव्या वर्षी अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या लायब्ररीच्या तळघरात कळलं आणि पुढे कापडाशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी पुष्कळदा उपयोगी पडलं. पण हे प्रकरण कापडाबद्दल आहे आणि जमेल तितकं ते कापडाबद्दलच ठेवायचा माझा विचार आहे.

आमचं घर एकसारख्या दारांच्या लांब रांगेत होतं. बाहेरून कुठलं कुणाचं ते कळू नये अशीच त्या वसाहतीची रचना होती, पण आत आलं की आमचं घर डोळे मिटूनही ओळखता यायचं. एक तर वास. पप्पांना सुकट लागायची, आणि मिशिगनच्या थंडीत खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे रविवारी भाजलेली सुकट गुरुवारपर्यंत पडद्यांत राहायची. दुसरं, आवाज. स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि जेवणाच्या टेबलावरून पप्पांच्या प्रिंटरचा. पप्पा दिवसा गाड्यांच्या सीटचे सांगाडे डिझाइन करायचे आणि संध्याकाळी पत्रकं काढायचे. जयंतीचं पत्रक, धम्मदीक्षेच्या दिवसाचं पत्रक, गावाकडं कुठं अत्याचार झाला की त्याच्या निषेधाचं पत्रक, आणि मधल्या काळात काहीच घडलं नाही तर समाज झोपलाय म्हणून पत्रक. एका कागदावर दोन छापायची आणि मधून कापायची. कापायला त्यांच्याकडे एक स्टीलची पट्टी होती. त्यांच्या काकांचा औरंगाबादेत छापखाना होता, तिथून आणलेली. तिच्या पाठीला सायकलच्या ट्यूबचे पातळ तुकडे चिकटवलेले होते, कागदावरून सरकू नये म्हणून. पट्टी जुनी, रबर काळं, एका टोकाला शाईचे डाग. अमेरिकेत येताना आईनं दोन पातेली मागं ठेवली आणि पप्पांनी ही पट्टी बॅगेत घातली, यावरून त्यांच्यात आजही वाद होतो.

मी मराठी वाचायला शिकले ते या पत्रकांवर. माझ्या बरोबरीची मुलं रविवारच्या मराठी शाळेत ‘कमळ बघ’ वाचायची तेव्हा मी ‘बंधू-भगिनींनो, हा प्रश्न केवळ आपल्या पोटाचा नाही’ वाचत होते. पप्पा मला जेवणाआधी एक पत्रक मोठ्यानं वाचायला लावायचे, त्यात मी अडखळले तर तो शब्द त्यांनाच अवघड वाटायचा आणि ते तो बदलायचे. त्यामुळे माझ्या तोंडी बोलण्यात साधी वाक्यं कमी आणि जाहीर वाक्यं जास्त. शाळेतून आल्यावर मी आईला ‘आज कँटीनमध्ये माझ्यावर अन्याय झाला’ असं सांगायचे, आणि ती विचारायची, “म्हणजे पिझ्झा संपला होता का?” हे आत्मकथन छापणाऱ्या संपादकबाई म्हणाल्या, तुमचं अजून वय नाही झालं असलं काही लिहायचं. मी म्हटलं, पत्रकांवर वाढलेल्या माणसाला थांबायचं वळण नसतं.

आईला मात्र थांबायचं वळण होतं. पप्पांच्या व्हिसावर आलेली, स्वतःला नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही, इंग्रजी फोनवर कळत नाही. अशा दिवसांत तिला मराठी मंडळ सापडलं, आणि मंडळात वर्षाकाकू सापडल्या. वर्षाकाकू मंडळाच्या कार्यवाह होत्या. त्यांनी आईला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवली, बँकेत नेलं, पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला. हे मी मुद्दाम आधी लिहितेय. पुढे जे झालं ते वाईट माणसानं केलं असतं तर गोष्ट फार सोपी होती.

मंडळात आईची ओळख म्हणजे मसालेभात. कुठलाही कार्यक्रम असो, हॉलच्या किचनमधलं मोठं पातेलं आईच्या ताब्यात. लोक रांगेत उभे राहून म्हणायचे, “वंदनाताई, आज तळाची खरवड ठेवा हं माझ्यासाठी.” ती त्या दिवशी घरी येताना गाडीत गुणगुणायची. आणि आमचं आडनाव भालेराव. मंडळातल्या पहिल्याच भेटीत कुणीतरी विचारलं, “भालेराव म्हणजे तुम्ही देशस्थ का?” आईनं हसून ‘आम्ही मराठवाड्याचे’ असं सांगितलं होतं. खोटं काहीच बोलली नव्हती. त्यानंतर कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पप्पांना हे माहीत होतं आणि पटत नव्हतं, म्हणून ते मंडळात जायचेच नाहीत. “मी आलो तर मला कोटाच्या खिशात पत्रकं घेऊन यावं लागेल,” म्हणायचे. आई म्हणायची, “मग नकाच येऊ.”

मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष आलं. वर्षाकाकूंनी ऑफिसच्या लॉबीत कुठलीशी अमेरिकन क्विल्ट बघितली होती, भिंतीएवढी, चौकोना-चौकोनांची. त्यांना कल्पना सुचली, मंडळाची गोधडी करायची. प्रत्येक घरानं आपल्या आजीच्या, पणजीच्या नेसूचा एक तुकडा द्यायचा. त्यावर तीन ओळी भरायच्या. आडनाव, गाव, कुलदैवत. मग सगळे चौकोन जोडून गोधडी हॉलच्या भिंतीवर लावायची. कल्पना चांगली होती, आजही वाटतं. आयांनी पेट्या उपसल्या, मुलांनी विचारलं की आपलं गाव कुठलं, कुणीकुणी भारतात फोन लावून कुलदैवत विचारून घेतलं, कारण त्यांनाच आठवत नव्हतं.

अडचण आली ती कापण्यात. वर्षाकाकूंच्या बेसमेंटमध्ये बायका जमल्या, पोहे झाले, चहा झाला, आणि कात्रीनं चौकोन कापायला घेतले. गोधडी आपल्याकडे मापानं कुणी शिवलीय? तुकडा लहान पडला तर शेजारी दुसरा जोडायचा, कोपरा आला नाही तर दुमडायचा, वर टाके घालत गेलं की सगळं मिळून येतं. पण ही गोधडी चौकोनाला चौकोन भिडणारी, अमेरिकन पद्धतीची. एका रांगेत दहा चौकोन जोडले की दहा जणींच्या चुका एकत्र येतात. पहिल्या दोन रांगा जोडल्या तर एक रांग दुसरीपेक्षा तळहातभर लांब. “चालतंय गं, ओढून घेऊ,” कुणीतरी म्हणालं. ओढून घेतलं तर मधे फुगा आला. कुणाची तरी पैठणी आडवी फाटली.

“आमची संघमित्रा शिकलीय ते,” आई म्हणाली. मला वाटतं, मंडळात तिनं माझं पूर्ण नाव घेतलं ते तेव्हाच. एरवी मी तिथं ‘मित्रा’ होते.

लायब्ररीत मिसेस डॉब्स नावाच्या बाई शनिवारी सकाळी क्विल्टिंग शिकवायच्या. मी तिथं गेले ते शाळेतल्या स्वयंसेवेचे तास भरायला, खुर्च्या मांडायला. पण फिरत्या गोल पात्याचा तो कटर बघितला, पिझ्झा कापायच्या चाकासारखा, आणि हिरवी मॅट, आणि आरपार दिसणारी जाड पट्टी, आणि राहिले. माझे पहिले चौकोन बघून मिसेस डॉब्सनी विचारलं, “हनी, इज धिस अ स्क्वेअर ऑर अॅन ओपिनियन?” मग त्यांनी माझा हात धरून दाखवला. तळवा टेकायचा नाही, बोटं पसरायची, कोळ्यासारखी. करंगळी पट्टीच्या बाहेर मॅटवर टेकवायची, म्हणजे ती नांगर. उभं राहून कापायचं, खांद्याचं वजन हातावर आणायचं. आणि मुख्य म्हणजे एका दमात कापायचं नाही. निम्म्यावर थांबायचं, पातं कापडातच ठेवायचं, उचलायचं नाही, दुसरा हात एकेक बोट करून पट्टीवर वर चालवत न्यायचा, पात्याच्या पुढे, आणि मग उरलेलं कापायचं. त्यांनी मला पट्टीखाली चिकटवायला वाळूच्या कागदाच्या टिकल्याही दिल्या. मी घरी आले तर पप्पांनी टिकल्या बघितल्या, आत गेले आणि आपली स्टीलची पट्टी उलटी करून माझ्यासमोर ठेवली. मग सायकलच्या ट्यूबचा उरलेला तुकडा शोधण्यासाठी आम्ही सगळं कपाट खाली काढलं. त्या रात्रीपासून माझी पट्टी कधी सरकली नाही. मिसेस डॉब्सनी ती बघून त्यांच्या पट्टीलाही रबर मागितलं, आणि पप्पांनी गावात सायकलच्या दुकानात जाऊन ट्यूब आणली, तेवढा मान त्यांना त्यांच्या कंपनीत कधी मिळाला नव्हता.

तर मी वर्षाकाकूंच्या बेसमेंटमध्ये जायला लागले. शनिवार गेला की शनिवार. तिथलं सगळं मला आवडायचं, हेही लिहून ठेवते. बायकांचा गोंधळ, इस्त्रीची वाफ, कुणाच्या तरी सासूची नक्कल, वर्षाकाकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी. त्यांची मुलगी ईशा माझ्याच वर्गात होती, ती इस्त्री करायची आणि इंग्रजीत कुरकुर करायची. सुती तुकडे सोपे. पैठण्या आणि इरकलींचं रेशीम मात्र मॅटवर पाण्यासारखं पळायचं, रबरानंही ऐकायचं नाही. मग मी युक्ती काढली. रेशमाखाली कागद घालायचा, कडेला टाचण्या लावायच्या आणि कागदासकट कापायचं. कागदानं पात्याची धार जाते, म्हणून त्यासाठी वेगळं जुनं पातं ठेवलं. आणि कागद म्हणजे आमच्या घरी फक्त एकाच जातीचा. पप्पांची चुकलेली, वाकडी छापलेली पत्रकं, ढीगच्या ढीग.

कागद नेले त्या पहिल्या शनिवारी निघताना आई दारात थांबली. “छापलेली बाजू खाली ठेव,” म्हणाली.

म्हणजे मंडळातल्या निम्म्या पैठण्या जातिअंताच्या पत्रकांवर कापल्या गेल्या. कुणाला कळलं नाही. मला मात्र दरवेळी पातं फिरवताना कळायचं, आणि ते मला आतून डाचायला लागलं. लपवायची सवय कशी लागते ते मी तेव्हा बघत होते. आधी माणूस सांगायचं टाळतो, मग कागद उलटा ठेवतो, आणि मग एक दिवस कागद कुणी सरळ केला तर त्याचाच राग येतो.

आमचा तुकडा सगळ्यांत शेवटी आला. आई देतच नव्हती. शेवटी तिनं कपाटाच्या वरच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला पांढरा सुती तुकडा काढला. माझ्या आजीच्या पातळाचा. आजी तरुणपणी गावातल्या बायकांबरोबर पांढरं पातळ नेसून नागपूरला गेली होती, आणि परत आली ती वेगळी होऊन. आल्यावर तिनं देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले, नदीवर नेले आणि सोडून दिले. सासरा दारात उभा राहून शिव्या देत होता, आणि ती म्हणे टोपली धुऊन घेऊन आली, कारण टोपली चांगली होती. हे मी जन्मापासून ऐकत आले होते. त्या पातळाचा हा शेवटचा तुकडा होता, धुऊन धुऊन इतका विरलेला की उजेडात धरला तर पलीकडचं दिसायचं. असलं कापड पट्टीखाली ताणलं जातं आणि पातं त्याला फरफटत नेतं. आईनं त्याला भाताच्या पेजेची खळ दिली, सावलीत वाळवला, ओलसर असतानाच इस्त्री केली. कागदासारखा ताठ झाला. एकच चौकोन निघणार होता. चुकला तर दुसरा नव्हता.

मी निळ्या दोऱ्यानं साखळी टाक्यात तीन ओळी भरल्या. भालेराव. बोरटाकळी. तिसऱ्या ओळीत, जिथं बाकीच्यांची तुळजाभवानी आणि खंडोबा आणि व्याडेश्वर, तिथं ‘बौद्ध’.

आईनं बघितलं आणि खुर्चीवर बसली. “तिसरी ओळ कशाला? दोनच ठेव. कुणी विचारणार नाही.”

“म्हणूनच ठेवली.”

“तुला काय जातंय बोलायला. तू कॉलेजला निघून जाशील. मला इथं राहायचंय. उद्या माझ्या हातचा भात चालेल का त्यांना?”

पप्पा प्रिंटरपाशी होते. एरवी अशा वाक्यावर ते उठून उभे राहिले असते. तेव्हा ते फक्त म्हणाले, “नाही चालला तर घरी आण. मी खाईन.” आई हसली नाही. तिला जे गमवायचं होतं ते पातेल्याएवढंच होतं, पण ते तिचं होतं, आणि पत्रकात त्याला जागा नव्हती. हे कळण्याइतकी मी तेव्हा शहाणी नव्हते. पण आज विचारलं तरी मी ती ओळ उसवणार नाही, हेही सांगते.

शनिवारी मी तुकडा मॅटवर ठेवला. बेसमेंटमध्ये पाच-सहा जणी होत्या, आई वर किचनमध्ये चहा गाळत होती. वर्षाकाकूंनी चष्मा लावला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“अगं,” त्या म्हणाल्या, “मला वाटलं होतं भालेराव म्हणजे...” आणि वाक्य सोडून दिलं.

कुणीतरी खिचडीच्या डिश गोळा करायला लागलं. बेसमेंटमध्ये कुणाला काही सुचेनासं झालं की डिश गोळा व्हायच्या.

“नाही, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हं,” वर्षाकाकू म्हणाल्या. “वंदना माझी मैत्रीण आहे. पण बघ ना, सगळ्यांचं कुलदैवत आहे, आणि हे एकदम... म्हणजे लोक कार्यक्रमाला येतात, पाहुणे येतात. उगाच विषय निघतात.” त्यांनी बोटानं तिसऱ्या ओळीखाली रेघ ओढल्यासारखं केलं. “वर तुझं दोन बोटं कापड जास्तीचं आहे. पट्टी जरा वर सरकव. म्हणजे खालची ओळ बरोबर शिवणीत जाईल. असेल ती, काढायची नाही. फक्त दिसणार नाही. कुणाचंच मन दुखायला नको.”

ईशा इस्त्री आडवी ठेवून म्हणाली, “मॉम, इट्स लिटरली वन वर्ड.”

“यू स्टे आउट ऑफ इट. इस्त्री उभी कर, जळेल.”

पाव इंच शिवणीत जातो, चारी बाजूंनी. चौकोन कापताना तो पाव इंच धरूनच कापायचा असतो. शिवणीतलं कापड फाटत नाही, मळत नाही, गोधडी असेपर्यंत असतं आणि कुणाला कधी दिसत नाही. मला ती सूचना लगेच समजली, कारण आमच्या घरात आम्ही अनेक वर्षं तसेच राहत होतो. माझ्या जाहीर वाक्यांतलं एकही वाक्य तेव्हा आठवलं नाही. मी एवढंच म्हटलं, “ठीक आहे काकू. पण पट्टी सगळ्यांना एकच लागणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी पट्टी जितकी इथं सरकवेन तितकी सगळीकडे. सगळ्यांचीच तिसरी ओळ शिवणीत घालू. कापलेले चौकोन परत कापता येतात.” मी आजीचा तुकडा बाजूला ठेवला आणि ढिगावरचा पहिला चौकोन मॅटवर घेतला. तो वर्षाकाकूंचाच होता. जांभळी पैठणी, जरीच्या दोऱ्यात आडनाव, गाव, आणि खाली महालक्ष्मी. पट्टी बरोबर महालक्ष्मीवर ठेवली, करंगळी मॅटवर टेकवली आणि पात्याचं झाकण उघडलं. “आधी तुमचा घेते.”

“अगं थांब, ती माझ्या सासूबाईंची पैठणी आहे.”

“आणि हे माझ्या आजीचं पातळ आहे.”

“तिची गोष्ट वेगळी.”

“कशी वेगळी ते सांगा काकू. मी थांबलेय.”

त्या थांबल्या. बाकीच्याही थांबल्या. कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगायला शब्द उच्चारावे लागले असते, आणि अमेरिकेत आल्यापासून त्या शब्दांविना सगळ्यांचं छान चाललं होतं. मी खरंच कापलं असतं का? लोक विचारतात. पातं रेशमावर टेकलेलं होतं, खाली पत्रक होतं, आणि माझा हात त्या दिवशी जितका स्थिर होता तितका नंतर कधी झाला नाही. एवढंच सांगते.

तेवढ्यात जिन्यावर कप वाजले. आई ट्रे घेऊन उतरत होती. ती किती वेळ तिथं होती कोण जाणे. तिनं ट्रे इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, पदर नव्हताच, स्वेटरलाच हात पुसले आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता मला घरी नेणार. तिनं पैठणीवरची माझी पट्टी उचलली. पैठणी हातानं सारखी केली आणि वर्षाकाकूंना परत दिली. मग आजीचा तुकडा मॅटवर घेतला. सुती कापडाला कागद लागत नाही, तरी त्याच्याखाली एक पत्रक सरकवलं, छापलेली बाजू वर. विरलेल्या कापडातून अक्षरं दिसत होती. तिनं पट्टी ठेवली, तिन्ही ओळी बरोबर मध्ये येतील अशी, खालून पुरेसं सोडून. मी खालचं टोक धरलं होतं. तिनं वरचं धरलं, जे सरकतं ते.

“काप,” म्हणाली.

“वंदना, तू तरी...” वर्षाकाकू म्हणाल्या.

“वर्षाताई, पट्टी धरलीय मी. बोलले तर सरकेल.”

मी कापलं. निम्म्यावर थांबायचं कारण नव्हतं, तरी सवयीनं थांबले, बोटं वर चालवत नेली, तर तिथं आईची बोटं होती. चारी बाजू झाल्या. तिनं चौकोन उचलला, उजेडात धरून बघितला, आणि ढिगावर ठेवला. सगळ्यांत वर. मग चहा दिला. चहा सगळ्यांनी घेतला, कारण काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बरेच फोन झाले असणार. आम्हाला आले नाहीत. कमिटीत कुणी म्हटलं, पांढरा रंग शुभकार्यात बरा दिसत नाही. कुणी म्हटलं, मागच्या बाजूला लेबल म्हणून लावू. वर्षाकाकूंचा आणि आईचा मिळून कमिटीला एकच निरोप गेला, असं मला ईशानं नंतर सांगितलं. तो काय होता हे ना आईनं कधी सांगितलं ना काकूंनी. ईशाच्या वाढदिवसाला मला त्या वर्षी बोलावणं आलं नाही, ते मात्र मी विसरलेले नाही. पण गोधडी जोडली गेली, आणि चौकोन होता, शेवटून दुसऱ्या रांगेत, तिन्ही ओळींसकट. जांभळ्या, मोरपंखी, आमसुली रेशमांच्या मधे तो एकच पांढरा. शिवणाऱ्या बायकांनी विचार केला नसावा, की असा चौकोन खालच्या रांगेत ठेवला तर गोधडी भिंतीवर टांगल्यावर तो बरोबर डोळ्यांसमोर येतो. हॉलचं दार उघडलं की पहिला तोच दिसायचा.

रौप्यमहोत्सवाला पप्पा मंडळात पहिल्यांदा आले. टाय लावून, कोटाचा आतला खिसा पत्रकांनी फुगलेला. आई गोधडीखालच्या टेबलावर पातेलं घेऊन उभी होती, डोक्यावर ते प्लास्टिकचं जाळीचं टोपडं, हातात मोठा डाव. मी शेजारी कोशिंबिरीला. भाषणं संपली आणि रांग लागली. पहिल्या नंबरला मंडळाचे एक जुने अध्यक्ष होते, ताट पुढे केलेलं. त्यांची नजर आईच्या डोक्यावरून मागं गेली. ओठ हलले. आडनाव, गाव. मग चष्मा खाली ओढून त्यांनी जरा वाकून बघितलं. मागचे लोकही बघायला लागले. रांग थांबली.

पप्पांचा हात खिशाकडे गेला. पंचवीस वर्षं ते याच क्षणासाठी छापत होते, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“राहू द्या,” आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “वाचतायत ते.”

आणि तिनं डाव भातात घातला, खालपर्यंत, खरवडीला लागेपर्यंत, भरून वर काढला, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघत विचारलं, “वाढू?”